न बोलणाऱ्या बालकाचे गाऱ्हाणे

॥ श्रीसप्तकोटीश्वर प्रसन्न ॥



नार्व्याच्या या क्षेत्री श्रींच्या दर्शनासाठी, कुलाचारासाठी अथवा नवस फेडण्यासाठी येणाऱ्या कुटुंबांत एखादे तरी कुटुंब असे असते की, ज्याच्या घरचे मूल दोन-तीन वर्षांचे झाले तरी बोलत नाही. कोणते मूल नावाने हाक मारली तरी वळून पाहत नाही. कोणते मूल घटकान् घटका खेळण्यातील गाडीचे चाकच फिरवीत बसते. कोणी दहा-वीस शब्द बोलू लागले होते, ते हळूहळू मावळले. घरातील वडीलधारी माणसे धीर देतात, ‘याचा बापही उशिराच बोलला होता.’ शेजारीपाजारी विचारतात, ‘ग्रहण पाळले नव्हते काय?’ आणि ती माउली कोणालाही उत्तर न देता देवापुढे पदर पसरून उभी राहते. तिचा नवस एकच असतो, की देवा, माझ्या लेकराला वाचा दे.

आजच्या निरूपणाचा विषय आम्ही हाच घेतला आहे. तो त्या माउलीसाठी आहे, आणि तिच्याभोवती असलेल्या आपणा सर्वांसाठी तर अधिकच आहे.

प्रथम वाणी म्हणजे काय, याविषयी आपल्या शास्त्रांचे म्हणणे ध्यानात घेऊ. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात वाणीची चार पदे सांगितली आहेत. त्यांपैकी तीन गुहेत दडलेली असून मनुष्ये बोलतात ती केवळ चौथी होय, असा तेथील आशय आहे. पुढील आचार्यांनी या चार पदांना परा, पश्यंती, मध्यमा आणि वैखरी अशी नावे दिली. कानांनी ऐकू येते ती वैखरी. तिच्यामागे मनात आकार घेणारी मध्यमा आहे, आणि तिच्याही मागे शब्दाचे रूप अद्याप न घेतलेला भाव आहे. म्हणून ज्याची वैखरी ऐकू येत नाही त्याच्या ठायी वाणीच नाही, असे म्हणणे आपल्या शास्त्राला धरून होत नाही.

हा विचार अध्यात्माचा आहे. त्यावरून शरीरशास्त्राचे सिद्धांत काढू नयेत. तथापि बालकांचे निरीक्षण करणारे आजचे तज्ज्ञ जे सांगतात ते याच्याशी विसंगत नाही. मूल बोलू लागण्यापूर्वी कितीतरी महिने समजू लागलेले असते. ते आईच्या मुखाकडे पाहते, तिने पाहिले तिकडे पाहते, हात पुढे करते, हवी ती वस्तू बोटाने दाखविते. शब्द हा या सर्वांच्या शेवटी येतो. तेव्हा ‘मूल बोलते काय’ या प्रश्नाच्या अगोदर ‘मूल ऐकते काय, समजते काय, आणि आपले मनोगत कोणत्याही मार्गाने दुसऱ्यास कळविते काय’ हे तीन प्रश्न विचारले पाहिजेत.

आता दोन कथा ऐका. पहिली श्रीमदाद्य शंकराचार्यांच्या चरित्रातील आहे. आचार्य गोकर्ण आणि मूकांबिका ही क्षेत्रे करून श्रीबली नावाच्या अग्रहारात आले. हा सारा मुलूख आपल्या गोमंतकाच्या दक्षिणेकडील किनारपट्टीचाच. तेथे प्रभाकर नावाचा विद्वान ब्राह्मण राहत होता. घरी सर्व काही होते. परंतु मुलगा बोलत नसे. तो अक्षरे शिकला नव्हता. इतर मुलांत खेळत नसे. मुलांनी मारले तरी रागावत नसे. कधी जेवे, कधी जेवत नसे. त्याची मुंज कशीबशी उरकली होती. बापाने त्याला आचार्यांच्या पायांवर घातले आणि त्याची सारी हकिकत सांगितली. आचार्यांनी ती ऐकून घेतली आणि मग त्या मुलालाच उठवून विचारले, ‘बाळा, तू कोण आहेस?’ त्यावर त्या मुलाने आत्मस्वरूपाचे जे विवेचन केले ते पुढे त्याच्या हस्तामलक या नावाने प्रसिद्ध झाले, आणि तो आचार्यांच्या चार प्रमुख शिष्यांत गणला गेला.

ही कथा ऐकून पुष्कळांच्या मनात येते की, आपल्याही मुलास एखाद्या सत्पुरुषाच्या पायांवर घालावे म्हणजे ते एकदम बोलू लागेल. आम्हांस या कथेतील निराळीच गोष्ट विचारात घेण्याजोगी वाटते. बापाने मुलाविषयी पुष्कळ सांगितले. आईबापांना तसे सांगावेच लागते, यात त्यांचा दोष नाही. परंतु त्या मुलाकडे तोंड करून, त्याला आदराने प्रश्न विचारून, उत्तराची वाट पाहत थांबणारे आचार्य हे पहिलेच. आपल्या घरी काय घडते ते आठवा. पाहुणे येतात आणि मुलाच्या देखतच विचारतात, ‘हा अजून बोलत नाही वाटते?’ मूल तेथेच बसलेले असते. पुष्कळदा त्याला शब्द येत नसतात, पण ऐकलेले समजत असते.

दुसरी कथा आपल्या मराठी संतमंडळातील आहे. पैठणास संत एकनाथ महाराजांच्या वाड्यात गावबा नावाचा एक मुलगा राहत असे. परंपरा अशी सांगते की, तो एका विधवेचा मुलगा होता आणि त्याला पुरणपोळीवाचून दुसरे काही गोड लागत नसे. घरच्या गरिबीत ते नित्य कोठून मिळणार? आईने त्याला नाथांकडे आणले. नाथांनी त्याला रोज पुरणपोळी देण्याचे कबूल केले आणि आपल्या घरी ठेवून घेतले. लोक त्याला ‘पुरणपोळ्या’ म्हणून हसत. नाथांनी त्याला मंत्र शिकविण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्याच्या मुखातून ‘एकनाथ’ याखेरीज दुसरे अक्षर निघेना. नाथांनी तेवढ्यावर समाधान मानले. वर्षे गेली. नाथांनी भावार्थरामायण रचावयास घेतले. युद्धकांडाचे चव्वेचाळीस अध्याय झाले आणि इ. स. १५९९ मध्ये नाथांनी देह ठेवला. उरलेला ग्रंथ गावबाने पूर्ण केला, असे आपली परंपरा सांगते.

या कथेचा शेवट सर्वांना आवडतो. आम्हांस तिचा आरंभ अधिक मोलाचा वाटतो. मुलगा एकाच पदार्थाचा हट्ट धरून बसला आहे, सांगितलेले म्हणत नाही, चारचौघांसारखा वागत नाही, अशा वेळी नाथांनी त्याचा हट्ट मोडण्यापासून आरंभ केला नाही. त्याला जे आवडते तेथपर्यंत ते स्वतः गेले आणि तेथून त्याला हाताशी धरले. त्याला जो एक शब्द येत होता, तोच त्याचा मंत्र ठरविला.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. हस्तामलक आचार्य झाला, गावबा ग्रंथकार झाला, म्हणून प्रत्येक न बोलणाऱ्या मुलात एखादा दडलेला महापुरुष आहे, अशी आशा आईबापांना दाखविणे दयेचे नाही. काही मुले उशिरा बोलू लागतात आणि पुढे इतरांच्या बरोबरीने चालतात. काही थोडे बोलतात. काही मुले जन्मभर शब्दांनी बोलत नाहीत; खुणांनी, चित्रांनी अथवा यंत्राच्या साहाय्याने आपले मनोगत सांगतात. गावबाने एकही ओवी रचली नसती तरी नाथांनी त्याचे पान मांडणे थांबविले नसते, अशी आमची श्रद्धा आहे. मुलाची योग्यता त्याच्या हातून पुढे काय घडेल यावर अवलंबून ठेवू नये.

आता व्यवहाराकडे वळू. कारण प्रेमाला माहितीची जोड नसेल तर मोलाचा काळ हातचा जातो.

सर्वसाधारणपणे मूल सहा-सात महिन्यांचे झाले की ‘बाबाबा’, ‘दादादा’ असे नाद काढू लागते. नवव्या महिन्याच्या सुमारास आपल्या नावाला ओळख देते. वर्षाच्या आसपास एखादा अर्थपूर्ण शब्द येतो. हात हलवून निरोप देणे, बोटाने दाखविणे या खुणाही तेव्हाच्याच. दीड वर्षापर्यंत अनेक सुटे शब्द येतात, आणि दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडू लागते. आपल्या घरी ते कोकणीत ‘दूद जाय’, ‘उदक जाय’ असे म्हणेल. यात थोडे मागेपुढे होतेच. परंतु वर्ष-सव्वा वर्षाचे मूल नादही काढीत नसेल, बोटाने दाखवीत नसेल, दीड वर्षाचे होऊनही एक शब्द बोलत नसेल, किंवा दोन वर्षांचे होऊनही आपण होऊन दोन शब्द जोडीत नसेल, तर वाट पाहत बसू नये, तज्ज्ञास दाखवावे. आणि आलेले शब्द किंवा आलेले हसणे-खेळणे मावळू लागले, तर वय कितीही असो, वैद्यकीय सल्ला घेण्यास एक आठवडाही दवडू नये.

पहिली तपासणी कानांची. मूल दाराच्या आवाजाने दचकते, म्हणजे त्याला सर्व ऐकू येते, असे नव्हे. मोठा आवाज ऐकणाऱ्या मुलालाही ‘स’ आणि ‘श’ यांसारखे बारीक ध्वनी ऐकू येत नसतील. नवजात बालकाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात व्हावी, दोष असल्यास तिसऱ्या महिन्यापर्यंत त्याचा निश्चय व्हावा आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपाय सुरू व्हावेत, असा आज सर्वत्र मान्य झालेला क्रम आहे. ही चाचणी झोपलेल्या बालकावरही करता येते आणि तीत वेदना होत नाहीत. सर्दीपडशाने कानात पाणी साचून राहिले तरी काही काळ ऐकू कमी येते, आणि बोलणे मागे पडते.

कान नीट असतील तर इतर कारणे शोधावी लागतात. कोणाच्या बाबतीत केवळ भाषा मागे असते, कोणाचे उच्चार स्पष्ट नसतात, कोणाची सर्वच वाढ सावकाश असते, कोणाला स्नायूंवर ताबा मिळत नाही. आणि कोणाच्या ठायी स्वमग्नता असते. म्हणजे दुसऱ्याशी संवाद साधण्याची रीत निराळी असते, ठराविक गोष्टींची ओढ असते, आणि आवाज, उजेड वा स्पर्श यांची जाणीव कधी फार तीव्र तर कधी मंद असते. या सर्वांना ‘मुका’ किंवा ‘वेडा’ या एकाच शब्दाने हाक मारणे म्हणजे ताप, मोडशी आणि अस्थिभंग यांना एकच औषध देण्यासारखे आहे.

नवस करू नये काय, असे कोणी विचारतील. नवस अवश्य करावा. परंतु श्रींच्या चरणी फूल वाहून त्याच आठवड्यात आरोग्यकेंद्राची पायरीही चढावी. इ. स. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील व सरकारी शाळांतील मुलांची तपासणी होते आणि तीत वाढीतील विलंबाचाही विचार केला जातो. अंगणवाडीच्या बाईंना आपली शंका मोकळेपणाने सांगावी. वेखंड मधात उगाळून जिभेला लावण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. एक वर्षाच्या आतील बालकास मध देणे धोक्याचे असते, कारण मधातील एका जंतूमुळे तान्ह्या बालकास गंभीर आजार होऊ शकतो, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. आणि जेथे कानच ऐकत नाहीत तेथे जिभेवरच्या औषधाने काय साधणार?

उपाय महागडे आणि दूरचे असतात, अशी एक समजूत आहे. याविषयी आपल्याच गोव्यात झालेले एक कार्य सांगण्याजोगे आहे. येथील ‘संगाथ’ ही संस्था इ. स. १९९६ मध्ये स्थापन झाली. तिच्या सहभागाने गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी या दोन ठिकाणी एक अभ्यास झाला. स्वमग्नता असलेली दोन ते नऊ वर्षे वयाची ६५ मुले त्यात होती, आणि इ. स. २०१६ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शिकविणारे कार्यकर्ते मोठे डॉक्टर नव्हते. या कामासाठी तयार केलेली साधी माणसे होती. आईबाप आपल्या मुलाशी खेळत असता त्याचे चलच्चित्र घ्यावयाचे, मग ते आईबापांसह बसून पाहावयाचे. मूल कोणत्या क्षणी वळले, त्याने काय दाखविले, आपण तेव्हा काय केले, हे त्यांनीच ओळखावयाचे. अशा बारा बैठकांची योजना होती. ज्यांना हा लाभ मिळाला ते आईबाप मुलाच्या कलाने अधिक चालू लागले, आणि मुलेही आपण होऊन त्यांच्याशी अधिक वेळा संवाद सुरू करू लागली. सर्वच मापांत सुधारणा दिसली असे नाही. एका बाबतीत, म्हणजे दोघांचे लक्ष एकाच गोष्टीवर राहण्यात, उलट घट दिसली. तथापि जे साधले ते लहान नव्हे. नाथांनी गावबाशी जे केले त्याचीच ही शास्त्रशुद्ध आवृत्ती म्हणावयास हरकत नाही.

हे घरीही आचरता येते. मुलाच्या समोर, त्याच्या उंचीला बसावे. ते ज्या वस्तूकडे पाहत असेल तिचेच नाव घ्यावे. ‘हे म्हण, ते म्हण’ असा धोशा लावू नये. एक लहानसे वाक्य बोलावे आणि थांबावे. मनातल्या मनात दहा अंक मोजण्याइतके थांबावे. मुलाने हात हलविला, आवाज काढला, नजर वळविली, तरी ते उत्तर समजून त्यास प्रतिसाद द्यावा. मुलाच्या हाती मोबाईल देऊन त्याला गप्प बसविण्यात जे तास जातात, तेच तास या देवाणघेवाणीचे असतात.

भाषेविषयीही एक गैरसमज आहे. घरी कोकणी, कीर्तनात मराठी आणि बालवाडीत इंग्रजी, म्हणून मूल गोंधळले असे सांगून कित्येक घरे आपली भाषा सोडतात आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत मुलाशी बोलू लागतात. एकाहून अधिक भाषा कानी पडल्याने वाणीचा दोष उत्पन्न होत नाही. आजीला ज्या भाषेत गोष्ट सांगता येते, आईला ज्या भाषेत रागावता आणि कुरवाळता येते, त्या भाषेला मुलापासून तोडणे म्हणजे त्याला मिळणारे बोलणेच कमी करणे होय.

दोष कोणाचा, हा प्रश्न आता आपण टाकून दिला पाहिजे. लिओ कॅनर या वैद्याने इ. स. १९४३ मध्ये अमेरिकेत अशा अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर कित्येक वर्षे तिकडील विद्वानांनी आईच्या थंड स्वभावाला दोष दिला. पुढे ते मत खोटे ठरले. आपल्याकडे त्याऐवजी ग्रहणाला, पूर्वजन्मीच्या कर्माला किंवा सुनेच्या माहेराला दोष देतात. बोलणारे बोलून जातात आणि तो भार आईच्या डोक्यावर राहतो. कर्मसिद्धांत हा स्वतःचे आचरण सुधारण्यासाठी सांगितला आहे. दुसऱ्याच्या दुःखाचा हिशेब मांडण्यासाठी त्याचा उपयोग करणे हा अधर्म होय.

देवस्थानाचे सभासद या नात्याने आपणांवरही काही जबाबदारी येते. गोकुळाष्टमीस येथे पंचगंगेच्या स्नानासाठी गर्दी होते. घंटा, ढोल, घुमट, शामेळ यांचा नाद आपणांस आनंद देतो. पण काही मुलांच्या कानांना तो सहन होत नाही आणि ती कान झाकून आक्रोश करतात. अशा वेळी ‘मुलाला वळण नाही’ असे पुटपुटण्याऐवजी त्या आईला वाट करून द्यावी, गर्दी ओसरल्यावर दर्शनाची सोय करावी, मुलाला तीर्थ घेण्याची सक्ती करू नये. इ. स. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने वाणी, श्रवण, बुद्धी यांतील उणिवा आणि स्वमग्नता यांना मान्यता देऊन अशा मुलांच्या शिक्षणाची हमी घेतली आहे. कायदा शाळेचे दार उघडू शकेल. परंतु वाढदिवसाला बोलावणे, खेळात घेणे, पंगतीत शेजारी बसविणे हे कायद्याने होत नाही. ते आपणच केले पाहिजे.

शेवटी श्रींच्या चरित्राचे स्मरण करू. कदंब राजांचे हे आराध्यदैवत मूळचे दिवाडी बेटावरचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात तेथील देवालय मोडले गेले. परंपरा सांगते की, त्या संकटकाळी हे लिंग विहिरीवर पाणी ओढण्याच्या कामी लावले गेले होते. दोर ओढणाऱ्यांना तो एक दगड होता. ज्यांना ओळख होती त्यांनी त्याला नदीपार नार्व्यास आणले, आणि इ. स. १६६८ मध्ये श्रीशिवछत्रपतींनी देवालयाचा जीर्णोद्धार करविला. लिंग तेच होते. त्याच्याकडे पाहणारे डोळे तेवढे निराळे होते.

आपण देवापुढे उभे राहतो तेव्हा पुष्कळदा आपले गाऱ्हाणे दुसराच घालतो. आपल्या मुखातून शब्द निघत नाहीत, म्हणून देव आपणांस मुके समजत नाही. आणि ज्याच्यापुढे आपण बोलतो त्या लिंगालाही मुख नाही. तरी तो ऐकतो याविषयी आपणांस शंका नसते. तोच विश्वास आपण आपल्या अंगणातील त्या बालकाविषयी बाळगू या. त्याचे गाऱ्हाणे नजरेत असेल, बोटात असेल, रडण्यात असेल. ते ऐकावयास शिकू या, आणि त्याच्या कानांची, वाढीची वेळेवर तपासणी करण्यात एक दिवसही न दवडू या.

श्रीसप्तकोटीश्वर त्या सर्व माउलींना धीर देवो, त्यांच्या बालकांना आपापल्या परीने व्यक्त होण्याचे बळ देवो, आणि आम्हां सर्वांना ऐकण्याची बुद्धी देवो, हीच प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥